आधी टाच, मग मूठ

१७ मार्च २०१७ रोजी ‘आयर्न फिस्ट’चे तेराही भाग नेटफ्लिक्सवर एकदम आले, आणि त्या दिवसापासून जगभरच्या प्रेक्षकांनी एकच तक्रार लावून धरली: याला लढता येत नाही.

‘याला’ म्हणजे डॅनी रँडला. मार्व्हलच्या कॉमिक्समधला हा नायक. हिमालयावरून जाणारं विमान कोसळतं, आईवडील जातात आणि दहा वर्षांचा डॅनी कुन-लुन नावाच्या गूढ नगरीत भिक्षूंच्या हाती लागतो. पंधरा वर्षं तो तिथे मार खात, मार देत वाढतो. शौ-लाओ नावाच्या अमर ड्रॅगनशी झुंजून मुठीत तेज मिळवतो आणि मग न्यूयॉर्कला परततो. थोडक्यात, पृथ्वीवरच्या सर्वोत्तम लढवय्यांपैकी एक. कथेचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

मालिकेबद्दलच्या इतर तक्रारीही खऱ्याच होत्या. ड्रॅगनची गोष्ट सांगायची आणि ड्रॅगनचे फक्त दोन पेटलेले डोळे दाखवायचे. कुन-लुनचं नाव घेत राहायचं आणि वेळ घालवायचा कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकीत. शिवाय एक जुना, जास्त गंभीर सवाल होता. पूर्वेकडची विद्या पूर्वेकडच्या माणसांपेक्षा सरस शिकून आलेला गोरा नायक २०१७ मध्ये पुन्हा कशाला? भूमिका आशियाई वंशाच्या नटाला द्या, अशी मागणी चाहते मालिका बनण्याच्या आधीपासून करत होते. १९७२ च्या ‘कुंग फू’ या अमेरिकन मालिकेत ब्रूस ली हयात असताना शाओलिन भिक्षूची भूमिका डेव्हिड कॅराडाइनला मिळाली होती, ते कुणी विसरलं नव्हतं. समीक्षक तर इतके नाराज झाले, की ‘रॉटन टोमॅटोज’वर पहिल्या सीझनच्या बाजूने उभा राहणारा समीक्षक जेमतेम पाचात एक निघाला.

पण मला सगळ्यात नवल वाटतं ते त्या पहिल्या तक्रारीचं. ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी कुंग फूची एक मुद्राही केलेली नाही. कुणाला ठोसा मारलेला नाही, खाल्लेला तर नाहीच. तरीही पडद्यावरचा माणूस हात उचलतो आणि घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाला क्षणात कळतं, की हा पंधरा वर्षं शिकलेला नाही. हे ज्ञान आलं कुठून?

याचं उत्तर स्वीडनमध्ये, उप्साला विद्यापीठात सापडतं. तिथले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये एक विलक्षण साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या खांद्यांवर, कोपरांवर, मनगटांवर, कमरेवर, गुडघ्यांवर, घोट्यांवर चमकणारे ठिपके लावायचे. बाकी सगळा अंधार. चेहरा नाही, कपडे नाहीत, शरीराची कडादेखील नाही. माणूस स्थिर असतो तेव्हा बघणाऱ्याला काहीच उमगत नाही. दहा-बारा ठिपके विखुरलेले दिसतात. मात्र त्याने पाऊल टाकलं, की सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात बघणारा म्हणतो, ‘माणूस चालतोय.’ विचार करून नव्हे. ते त्याला दिसतंच, न दिसणं त्याच्या हातात नसतं.

पुढे त्याच परंपरेतल्या रुनेसन आणि फ्रिकहोल्म या संशोधकांनी असे ठिपके लावलेल्या माणसांना वेगवेगळ्या वजनाच्या पेट्या उचलायला लावल्या. चित्रफितीत फक्त ठिपके हलताना दिसत. तरी बघणाऱ्यांना पेटी किती जड आहे याचा बराच अचूक अंदाज येई. मग त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. उचलणाऱ्यांना सांगितलं, की पेटी आहे त्यापेक्षा जड असल्याचं सोंग करा. बघणाऱ्यांना सोंग कळलं. वजनाचा आव किती आणला आहे तेही कळलं, आणि आवामागचं खरं वजनही बऱ्यापैकी कळलं! हे वाचलं तेव्हा मला ‘आयर्न फिस्ट’च्या प्रेक्षकांबद्दल नव्याने आदर वाटला. अंधारातल्या डझनभर ठिपक्यांवरून जर खोटं वजन पकडता येत असेल, तर लख्ख उजेडात, पडद्यावर सबंध शरीर समोर असताना खोटा ठोसा पकडणं डोळ्याला कितीसं अवघड जाणार?

सोंग का पकडलं जातं, याचं कारण शरीराच्या कामाच्या क्रमात आहे. तुम्ही उभे आहात आणि झटकन हात पुढे करायचा आहे. हाताचे स्नायू कामाला लागण्याच्या आधी, काही शतांश सेकंद आधी, पायाचे आणि पाठीचे स्नायू आवळले जातात. हात पुढे गेला की तोल जाणार हे शरीराला ठाऊक असतं, म्हणून ते आधीच पाय रोवून घेतं. हे आपण ठरवून करत नाही. हात किती जोरात जाणार आहे, त्यानुसार पाय रोवला जातो. म्हणजे ठोशाचा खरा जोर मुठीत दिसण्याआधी टाचेत दिसतो.

शिकलेल्या माणसाचा ठोसा जमिनीपासून निघतो. मागची टाच जमिनीला रेटते, गुडघा वळतो, कंबर फिरते, तिच्यामागून खांदा, खांद्यामागून कोपर, आणि मूठ सगळ्यात शेवटी. प्रत्येक सांधा आधीच्या सांध्याचा वेग घेतो आणि आपला त्यात मिळवतो. हे साधायला वर्षं जातात, कारण सगळा खेळ वेळेचा आहे; कंबर किंचित लवकर फिरली तरी साखळी तुटते. न शिकलेला माणूस उलट करतो. तो मूठ आधी फेकतो आणि शरीर तिच्यामागे फरफटत जातं. वरच्या अंगाने मारामारी होत असते आणि पाय मात्र बसस्टॉपवर उभे असल्यासारखे. डॅनी रँडच्या पायांकडे पहिल्या सीझनभर बघा. सगळी कहाणी तिथे आहे.

जे स्वतः शिकलेले असतात त्यांना हे आणखी तीव्रतेने जाणवतं. लंडनमध्ये २००५ साली बॅले नर्तकांना आणि कापोएरा या ब्राझीलच्या लढाऊ नृत्यकलेतल्या तज्ज्ञांना दोन्ही प्रकारच्या हालचालींच्या फिती दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं गेलं. हालचालींशी संबंधित भाग आपल्या स्वतःच्या विद्येतल्या हालचाली बघताना जास्त जागे झाले. म्हणजे कराटे शिकलेला प्रेक्षक लढत नुसती बघत नाही. थोडीशी आतून करत असतो. त्याची निराशा तशीच आतून येते.

आता नटाकडे वळू. फिन जोन्स हा मेहनती नट, ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये लोकांनी पाहिलेला. मालिका आल्यानंतर त्याने मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं, की अनेक मारामाऱ्या तो चित्रीकरणाच्या अवघी पंधरा मिनिटं आधी शिकत होता. वेळापत्रकच तसं होतं. १३ भाग, साधारण सहा महिन्यांचं चित्रीकरण, आणि पाठोपाठ चार नायकांना एकत्र आणणारी ‘द डिफेंडर्स’ उभी; तीही ऑगस्ट २०१७ मध्ये प्रदर्शित झाली. मला त्या नटाचा राग येत नाही. पंधरा मिनिटांत माणूस क्रम पाठ करू शकतो: डावा हात वर, उजवा पाय मागे, खाली वाक, वळ. पण पुढचं काय ते आठवत असताना शरीर टाच रोवत नाही. आठवणं आणि मारणं एकाच वेळी होत नाही. प्रेक्षकांना चेहऱ्यावर दिसला तो हाच क्षण, पुढची हालचाल शोधणारा माणूस.

तुलनेसाठी एक आकडा पुरे. ‘द मेट्रिक्स’च्या नटांना हाँगकाँगचे युएन वू-पिंग यांनी चित्रीकरणाआधी चार महिने शिकवलं. तिथेही कुणी कुंग फूमध्ये पारंगत झालं नाही. पण शरीराला क्रम विसरता येईल इतका तो मुरला.

मग ‘डेअरडेव्हिल’ कसा जमला? तोही नेटफ्लिक्सचा, त्याचंही वेळापत्रक टीव्हीचंच. २०१५ मध्ये त्याच्या दुसऱ्याच भागात ती प्रसिद्ध मारामारी आहे: अपहरण झालेल्या लहान मुलाला सोडवायला दमलेला, जखमी नायक एका अरुंद बोळकांडीत शिरतो, कॅमेरा शांतपणे मागेपुढे सरकत राहतो, आणि कुठेही कट झाल्याचं जाणवत नाही. माणसं पडतात, उठतात, धापा टाकतात. नायक भिंतीला टेकून श्वास घेतो. या यशामागे फाइट मास्टर फिलिप सिल्व्हेरा आणि त्यांची माणसं तर होतीच, पण आणखी एक कारण आहे आणि ते किती साधं आहे बघा: नायकाच्या तोंडावर कापड बांधलेलं आहे. डोळे, नाक, कपाळ सगळं झाकलेलं. त्यामुळे नट चार्ली कॉक्स आणि त्याचा डुप्लिकेट क्रिस ब्रूस्टर यांची अदलाबदल चालू शॉटमध्येही करता येते.

डॅनी रँडला मालिकेत मुखवटा नाही. कॉमिक्समध्ये आहे, पिवळा, डोक्यामागे गाठ मारलेला. वास्तववादी दिसावं म्हणून तो काढला असणार. पण तो निघाला आणि नटाचा कुरळ्या केसांचा उघडा चेहरा प्रत्येक मारामारीत कॅमेऱ्यासमोर आला. आता दोनच मार्ग उरले. एकतर पाठमोरा डुप्लिकेट, आणि चेहऱ्यासाठी मधूनमधून नटाचा जवळचा शॉट. नाहीतर नट स्वतः, आणि त्याची उणीव झाकायला कट. दोन्हीकडून कात्रीच वाढते. कापडाचा एक तुकडा गेला आणि सगळी मारामारी एडिटिंग टेबलावर गेली, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात चकित करणारी वाटते.

कटाने नेमकं काय बिघडतं, तेही डोळ्याच्या घड्याळात मोजता येतं. नवं चित्र समोर आलं की नजर नव्या जागी उडी मारते. ती उडी सुरू व्हायलाच साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच स्पष्ट दिसत नाही. सिनेमाच्या सेकंदाला चोवीस फ्रेम्स असतात, म्हणजे प्रत्येक कटामागे चार-पाच फ्रेम्स डोळा चुकलेला असतो. आता ठोशाचा हिशेब करा. सराईत माणसाची मूठ सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने जाते असं धरलं, तर एका फ्रेममध्ये ती वीतभराहून जास्त अंतर कापते. हात पूर्ण लांबायला दोन-तीन फ्रेम्स पुरतात. ठोसा निघताना एक शॉट आणि लागताना दुसरा, असा कट मारला तर ठोसा बरोबर त्या चुकलेल्या फ्रेम्समध्ये जातो. ऐकू येतो, दिसत नाही. ‘टेकन ३’मध्ये लियाम नीसन जाळीच्या कुंपणावरून उडी मारतो तिथे सहा सेकंदांत डझनाहून जास्त कट आहेत, कुंपण कधी ओलांडलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

हाँगकाँगवाल्यांनी यावर तोड शोधली होती, तीही प्रयोगशाळेशिवाय. जॅकी चॅनच्या चांगल्या मारामाऱ्यांत फटका पहिल्या शॉटमध्ये लागतो, आणि पुढच्या जवळच्या शॉटमध्ये तोच फटका काही फ्रेम्स मागे जाऊन पुन्हा लागतो. एकच फटका प्रत्यक्षात दोनदा दिसतो. आपल्याला मात्र तो एकदाच आणि दुप्पट जोराचा वाटतो. मला वाटतं, नजरेची उडी गिळणाऱ्या त्या चार-पाच फ्रेम्सच एडिटर आपल्याला परत देत असतो. ही गोष्ट कळल्यापासून जुने हाँगकाँगपट मी वेगळ्याच कौतुकाने बघतो. तिथे कॅमेरा मागे उभा असतो, दोघांचे पाय चौकटीत असतात, आणि फटका खाणारा फटका मारणाऱ्याइतकाच मोठा कलावंत असतो. ठोशाचं वजन शेवटी त्याच्या मानेत, त्याच्या पडण्यात दिसतं.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडे होती, लय. सिनेमाचे अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी हाँगकाँगच्या मारामारीचा साचा दाखवून दिला: थांबणं, झडप, पुन्हा थांबणं. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ ही पोरं हाँगकाँगच्या चिनी ऑपेराच्या शाळेत लहानपणापासून घडली, आणि त्या रंगभूमीवर नट झांजेच्या ठोक्यावर एकदम स्थिर होतो, पवित्रा दाखवतो. तबलजी तिहाई घेऊन समेवर येतो तेव्हा मैफलीत माना हलतात, तसं त्या स्थिर क्षणावर प्रेक्षकाचं शरीर येऊन टेकतं. ‘आयर्न फिस्ट’च्या बहुतेक मारामाऱ्यांत टेकायला जागाच नाही. चौथ्या भागात कुऱ्हाडी घेतलेली टोळी बोळकांडीतून लिफ्टपर्यंत अंगावर येते. प्रसंग कागदावर किती छान! अरुंद जागा, धारदार हत्यारं, रिकाम्या हातांचा नायक. पडद्यावर मात्र सगळी हालचाल एकाच मध्यम वेगाने वाहत जाते, आणि कुऱ्हाडीची भीती वाटायची राहून जाते.

याच मालिकेत याचा उलटा पुरावाही आहे. आठव्या भागात डॅनी चीनमध्ये एका आवारात शिरतो. दारावर राखणीला झोउ चेंग नावाचा माणूस, हातात दारूची चपटी बाटली. भूमिका लुईस टॅन याची. त्याचे वडील स्टंट क्षेत्रातले जाणकार, आणि स्वतः तो मार्शल आर्ट्स शिकत वाढलेला. तो झिंगलेल्या माणसाच्या शैलीत लढतो. झुलतो, घोट घेतो, कलंडतो, आणि आता पडणार असं वाटतं तिथून अचानक लाथ येते. ही शैली दिसते ढिसाळ, पण तोल गेल्याचं दाखवायला तोलावर विलक्षण ताबा लागतो. वजन कुठल्या टाचेवर आहे हे त्याला दर क्षणी ठाऊक आहे. कॅमेरा एकाएकी मागे सरकतो. शॉट लांबतात. डॅनीसुद्धा बरा दिसू लागतो, कारण समोरचा माणूस त्याला वेळ देतो, त्याचे फटके स्वतःच्या अंगावर घेऊन त्यांना वजन देतो. मालिकेवर चिडलेले लोकही या चार-दोन मिनिटांवर खूश झाले. आणि मग त्यांना कळलं, की डॅनी रँडच्या भूमिकेसाठी लुईस टॅनचाही विचार झाला होता. निराशा पुन्हा उफाळली, आता नाव-चेहरा घेऊन.

मूळ कॉमिक्सला ही अडचण कधी आलीच नाही. १९७३ च्या वसंतात हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचा ‘किंग बॉक्सर’ अमेरिकेत ‘फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ’ या नावाने लागला. लो लिएह या नटाचे तळहात लाल तेजाने पेटतात, तो सिनेमा. कुंग फूची लाट उसळली, आणि तशाच सिनेमातून स्फूर्ती घेऊन लेखक रॉय थॉमस आणि चित्रकार गिल केन यांनी १९७४ मध्ये ‘मार्व्हल प्रीमियर’च्या पंधराव्या अंकात आयर्न फिस्ट जन्माला घातला. गिल केनची शरीररचनेवरची पकड जबरदस्त होती. तो एकच क्षण काढायचा: कंबर फिरलेली, खांदा झुकलेला, मूठ चौकटीबाहेर येऊ पाहणारी. आधीचे आणि नंतरचे क्षण वाचकाचा मेंदू भरून काढायचा, आणि मेंदू ते नेहमी अचूकच भरतो. सुरुवातीच्या त्या कथांमध्ये निवेदक नायकाला ‘तू’ म्हणतो, म्हणजे ठोसा वाचकच मारत असतो. ज्या वाचकांनी वर्षानुवर्षं तो ठोसा असा आतून मारला होता, तेच २०१७ मध्ये मालिका बघायला बसले. त्यांच्यासमोर खरं माणसाचं शरीर आलं, त्याला पंधरा मिनिटं मिळालेली होती.

निर्मात्यांनी तक्रार ऐकली, हे श्रेय त्यांच्या पदरात घातलंच पाहिजे. ७ सप्टेंबर २०१८ ला आलेल्या दुसऱ्या सीझनसाठी प्रमुख लेखक बदलला, भाग दहावर आणले, आणि लढतींची सूत्रं ‘ब्लॅक पँथर’वर काम केलेल्या क्लेटन बार्बर यांच्याकडे दिली. फरक लगेच दिसतो. कुन-लुनमधलं डॅनी आणि त्याच्यासोबत तिथेच वाढलेला डॅवोस यांचं द्वंद्व बघा, पूर्वस्मृतीत येणारं. दोघांच्याही तोंडावर कॉमिक्समधले मुखवटे आहेत! आणि ती लढत जमते. जेसिका हेनविकने साकारलेली डॅनीची साथीदार कॉलीन विंग पहिल्या सीझनपासूनच अनेकांना नायकापेक्षा जास्त पटत होती, कारण तिच्या तलवारीमागे तिची कंबर फिरायची; दुसऱ्या सीझनच्या शेवटी मुठीचं ते तेज तिच्याकडेच जातं. पण तोवर बरेच प्रेक्षक निघून गेले होते. १२ ऑक्टोबर २०१८ ला, दुसरा सीझन येऊन पाच आठवडे होतात न होतात तोच, मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं.

ज्यांच्याकडे अजून मालिका बघायची सोय आहे, त्यांनी एक करून बघावं. आवाज पूर्ण बंद करा. फटक्यांचे आवाज नंतर भरलेले असतात आणि ते डोळ्याला फार सांभाळून घेतात. मग चौथ्या भागातली कुऱ्हाडवाल्यांची मारामारी लावा, लगेच आठव्या भागातला झोउ चेंग, आणि त्यानंतर दुसऱ्या सीझनमधलं ते मुखवट्यांचं द्वंद्व. हाताकडे मुळीच बघू नका. नजर मागच्या पायाच्या टाचेवर ठेवा, ती जमिनीला कधी रेटते ते बघा. अनेक शॉट्समध्ये पाय चौकटीतच नाहीत हे लक्षात येईल. तेही मोजा, कारण पाय कधी दाखवायचे आणि कधी नाहीत हे कुणीतरी एडिटिंग टेबलावर बसून ठरवलेलं आहे.